तरुण पिढी : घर, सोबती आणि गुरुजन

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर उभे राहताना माझ्या मनात अभिमानापेक्षा संकोच अधिक आहे. शाळकरी वयात मी याच वाचनालयात येत असे, आणि आवाज होऊ नये म्हणून चपला दाराशी काढून कोपऱ्यातल्या बाकावर बसत असे. आज त्याच वाचनालयाने माझ्यापुढे ध्वनिक्षेपक ठेवला आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संयोजकांनी मला दिले. मराठीचा अध्यापक म्हणून एखाद्या संतकवीवर किंवा कादंबरीवर बोलणे मला सोपे गेले असते. परंतु शताब्दीच्या प्रसंगी गतकाळाचे गुणगान पुष्कळ होते आणि पुढच्या शंभर वर्षांत येथे कोण येणार हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून मी तरुणांविषयी बोलावयाचे ठरवले. मूल तरुण होत असताना घराशी, समवयस्कांशी आणि गुरुजनांशी असलेली त्याची नाती कशी घडतात, आणि आपल्या या हैदराबादेत ती कशी घडली व बिघडली, याचा विचार मी आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रथम थोडे तात्त्विक. बालपणी नाते एकच असते, ते घराशी. मुलाला घर मिळते, ते त्याने निवडलेले नसते. आईबाप, भाषा, जात, कुलदैवत, जेवणाची चव हे सारे वारसा म्हणून येते. साधारण बाराव्या-तेराव्या वर्षापासून मुलगा किंवा मुलगी आपली नाती स्वतः निवडू लागते. हे पहिले निवडलेले नाते म्हणजे सोबती. सोबत्यापाशी वडीलकी नसते, उपकाराचे ओझे नसते. तेथे बरोबरी असते. या बरोबरीची तहान घर भागवू शकत नाही, मग ते कितीही प्रेमळ असो. तिसरे नाते गुरूचे. गुरू वडीलधारा असतो, परंतु तो रक्ताचा नसतो. त्याचा अधिकार मुलाने मनोमन मान्य केला तरच तो अधिकार ठरतो. वर्गात हजेरी घेणारे पुष्कळ असतात, त्यांतला एखादाच गुरू होतो.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पौगंडावस्थेचे मुख्य कार्य सांगितले आहे ते ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे. हे उत्तर एकांतात सापडत नाही. घर म्हणते तू आमचा आहेस. सोबती म्हणतात तू आमच्यासारखा आहेस. गुरू म्हणतो तू अमुक होऊ शकतोस. या तीन आवाजांच्या ओढाताणीतून चौथा आवाज उमटतो, तो त्या तरुणाचा स्वतःचा. सोळावे वर्ष लागले की पुत्राशी मित्रासारखे वागावे असे आपल्याकडे संस्कृत सुभाषितातून फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. ते आपल्याला पाठ असते, आचरणात मात्र क्वचित येते.

आता आपल्या गावाकडे वळू. हैदराबादेतील मराठी तरुणाची परिस्थिती पुण्या-साताऱ्याच्या तरुणाहून वेगळी होती. पुण्याच्या मुलाला घरी, रस्त्यावर आणि शाळेत एकच भाषा भेटत असे. येथे तसे नव्हते. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उर्दू माध्यमाचे. गणित, इतिहास, पदार्थविज्ञान हे सारे आधुनिक शास्त्र एका देशी भाषेतून शिकवण्याचा तो भारतातील पहिलाच मोठा प्रयोग होता, आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारण्यात आले होते. या प्रयोगाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु मराठी मुलाच्या दृष्टीने पाहिले तर घरची भाषा एक, ज्ञानाची दुसरी आणि बाजारातल्या सोबत्यांची दखनी ही तिसरी, अशी त्याची विभागणी होत असे. काहींनी या विभागणीतूनच श्रीमंती मिळवली. निलंग्यास १९१० साली जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी निजामी राज्यात सरकारी सेवा केली आणि पुढे उर्दू काव्याचा परिचय मराठी वाचकाला करून दिला. परंतु प्रत्येक घरात पगडी निपजत नसतात. सामान्य मुलाला वाचनाची, वक्तृत्वाची, समवयस्कांशी मातृभाषेत वाद घालण्याची जागा हवी होती.

ती जागा शाळांनी, ग्रंथालयांनी आणि गणेशोत्सवांनी दिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी उभी राहिली. १९२९ मध्ये ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने जाहीर सभांवर निर्बंध आले. ज्या राज्यात सभा भरवायला परवानगी मागावी लागते, तेथे वाचनालयाचा कट्टा हीच सभा होते. कोणी मासिक वाचावयास येई, कोणी मित्राला भेटावयास. आईबाप निर्धास्त असत, कारण मुलगा ‘लायब्ररीत’ गेलेला असे. घर, सोबती आणि गुरुजन या तिघांची गाठ एकाच छपराखाली पडत असे.

घराच्या नात्याविषयी एक उदाहरण सांगतो. केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) हे येथील नामांकित वकील, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि आर्यसमाजाचे पुढारी. त्यांचे चिरंजीव विनायकराव हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीत शिकले. तेथील ‘विद्यालंकार’ ही पदवी त्यांना मिळाली. पुढे ते बॅरिस्टर झाले आणि १९४८ नंतरच्या हैदराबाद राज्यात मंत्री झाले. मला लक्षणीय वाटते ती गोष्ट निराळी आहे. वडिलांचे एवढे मोठे नाव असता हा मुलगा जगात ओळखला गेला तो ‘कोरटकर’ म्हणून नव्हे, तर ‘विनायकराव विद्यालंकार’ म्हणून. म्हणजे स्वतःच्या शिक्षणाने मिळवलेल्या नावाने. आणि याच मुलाने १९४० साली नारायणगुड्यात वडिलांच्या स्मरणार्थ केशव मेमोरियल ही शाळा काढण्यात पुढाकार घेतला. घरापासून दूर गेलेला मुलगा घराकडे परत येतो तो असा. त्याला दूर जाऊ दिले नाही, तर परत येण्याचा प्रश्नच उरत नाही. मुलाच्या तोंडी स्वतःचे नाव शोभेल अशी तजवीज करणे, हे मला पितृत्वाचे खरे यश वाटते.

सोबत्यांच्या नात्याला दोन तोंडे असतात. एक उजळ आणि दुसरे काळवंडलेले. उजळ तोंड १९३८ साली दिसले. वंदे मातरम् म्हणण्यास बंदी झाली म्हणून औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील आणि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी संप पुकारला. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठाने त्यांपैकी अनेकांना आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी ही मुले एकाच पंक्तीत बसली होती. ज्याचे वडील निजामी नोकरीत असतील त्या मुलाच्या मनाची त्या रात्री काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करावी. एकीकडे घराची भाकरी, दुसरीकडे सोबत्यांना दिलेला शब्द. या वयात मुलगा सोबत्यांच्या बाजूला का झुकतो, याचे आपण नेहमी ‘वाईट संगत’ हे एकच कारण देतो. परंतु दिलेला शब्द पाळण्याचे पहिले शिक्षण त्याला याच संगतीत मिळते, हे विसरून चालणार नाही.

आता दुसरे तोंड. हे सांगताना मराठी माणूस म्हणून मान खाली जाते, पण शताब्दीच्या ग्रंथात सत्यास जागा असली पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये याच शहरात विवेकवर्धिनीच्या वास्तूत सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी अण्णासाहेब कर्वे होते. मराठीत, उर्दूत, इंग्रजीत भाषणे झाली. मग आलंपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहिले, आणि श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. परिषद सुधारणेची होती, अध्यक्ष स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू होते, आणि सभागृह मात्र हसत होते. त्या अपमानाने व्यथित झालेल्या तेलुगू मंडळींनी लगेच एकत्र जमून आंध्र जनसंघाची स्थापना केली. त्यातूनच १९३० मध्ये आंध्र महासभा उभी राहिली. एका हशाने एका भाषेचा इतिहास बदलला. ज्याच्या बोलण्याला हसले जाते तो माणूस गप्प बसतो किंवा उठून निघून जातो. निघून गेलेल्याने दुसरे घर बांधले तर त्याला दोष कसा द्यावा?

हा प्रसंग मी आपल्याला विनाकारण सांगितलेला नाही. त्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे. तत्पूर्वी गुरूंच्या नात्याविषयी दोन शब्द.

व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण शिक्षक हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक झाला, तेथेच त्याने संन्यास घेतला, आणि आपण त्यांना स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखू लागलो. पुढे ते अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालयात गेले. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथून हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाला कार्यकर्त्यांची फळी मिळाली. व्याख्याने देऊन अशी फळी तयार होत नाही. मुलांबरोबर राहावे लागते, त्यांच्या पंगतीला बसावे लागते, आणि आपण जे सांगतो ते स्वतः जगून दाखवावे लागते. १९७२ साली स्वामीजी निवर्तले. बेगमपेठेतील त्यांच्या स्मारकावरून आपण रोज वाहने हाकत जातो. तेथे विसावलेला पुरुष आधी शिक्षक होता, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण नरहर कुरुंदकर यांचे. १९३२ साली जन्मलेला हा बुद्धिमान मुलगा हैदराबादेस मामांकडे शिकावयास आला. मामा म्हणजे उस्मानियातील मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर. मुसी नदीकाठच्या सिटी कॉलेजात त्याचे नाव घातले गेले. मुलाने ग्रंथ वाचले ते अफाट, पण इंटरची परीक्षा मात्र त्याला वारंवार हुलकावणी देत राहिली. मामा प्राध्यापक आणि भाचा नापास! आजच्या कोणत्याही घरात या दोन गोष्टी एका छताखाली किती दिवस नांदतील? पदवी नसतानाच कुरुंदकरांनी नांदेडच्या प्रतिभा निकेतनात शिक्षकी पत्करली. पुढे यथावकाश बी.ए., एम.ए. होऊन ते तेथील पीपल्स कॉलेजात आले आणि प्राचार्य झाले. १९८२ साली औरंगाबादेस व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले, तेव्हा महाराष्ट्र एका विचारवंताला मुकला होता. परीक्षेने ज्याला नाकारले त्याला ग्रंथांनी आणि गुरूंनी स्वीकारले.

येथे थोडे वैयक्तिक सांगण्याची परवानगी घेतो. माझे वडील रेल्वेत होते. आम्ही काचीगुड्यास राहत असू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद ही आंध्र प्रदेशाची राजधानी झाली. त्यानंतरच्या वर्षांत अनेक मराठी कुटुंबे औरंगाबादेस, मुंबईस निघून गेली. वडील तेव्हा शाळेत होते. ‘बाकावर आम्ही चौघे बसत असू, वर्षाअखेर मी एकटा उरलो,’ असे ते सांगत. सोबती गमावलेल्या त्या मुलाने मोठेपणी आपल्या मुलाकडून एकच अपेक्षा ठेवली, की त्याने अभियंता होऊन पक्की नोकरी धरावी आणि कोणावर अवलंबून राहू नये. मी त्यांच्या इच्छेनुसार इंटरला गणित घेतले आणि १९८६ मध्ये त्यात अनुत्तीर्ण झालो.

वडील रागावले नाहीत. त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. आठ दिवस घरात ताट वाढल्याचा आवाज तेवढा होत असे. मी सकाळी घराबाहेर पडून या ग्रंथालयात येऊन बसू लागलो. तेव्हाचे ग्रंथपाल वयस्कर होते. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. त्यांनी मला काहीही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे कुरुंदकरांचे ‘रूपवेध’ ठेवले आणि म्हणाले, “वाच. समजले नाही तरी वाच. हा गृहस्थ इंटरला आपटला होता, याच गावात.” एवढे बोलून ते आपल्या नोंदवहीकडे वळले. पुस्तक मला त्या वेळी खरोखरच फारसे कळले नाही. परंतु नापास झालेला माणूस ग्रंथ लिहू शकतो, एवढे कळले आणि ते पुरेसे होते.

नवव्या दिवशी वडील मला शोधत येथे आले. दारात उभे राहिले. काकांनी त्यांना आत बोलावून बसवले. दोघे हलक्या आवाजात बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मला कधीच कळले नाही. घरी परतताना वडिलांनी सुलतान बाजारात मला उसाचा रस पाजला आणि विचारले, “मराठी घेऊन पुढे काय करता येते?” माझे आयुष्य त्या प्रश्नापासून सुरू झाले. घर आणि गुरू एकमेकांशी बोलले, म्हणून मी वाचलो. ज्या मुलाचे घर एका बाजूला, शिक्षक दुसऱ्या बाजूला आणि सोबती तिसऱ्याच बाजूला असतात, त्याच्या पडण्याला झेलणारे कोणी नसते.

माझ्या धाकट्या बहिणीचेही सांगितले पाहिजे, नाहीतर जुन्या काळाचे चित्र खोटे होईल. मला मित्रांकडे जाण्यास कधी परवानगी लागली नाही. तिला मैत्रिणीच्या घरी जावयाचे तर दहा प्रश्न होते. ग्रंथालयास मात्र ती आईबरोबर येऊ शके, आणि मासिकांच्या टेबलाशी मैत्रिणींना भेटे. मुलींच्या वाट्याला सोबत अशी चोरून आली. ‘पूर्वी सारे चांगले होते’ असे म्हणणाऱ्यांनी घरातल्या बहिणींना एकदा विचारून पाहावे.

आता माझ्या हातून घडलेली चूक. गेली तीस वर्षे मी ती मनात बाळगून आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षात माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. हुशार, परंतु त्याची मराठी येथलीच, गल्लीतली. एकदा गैरहजेरीचे कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, घरी काम निकलले म्हणून आलो नाही.” मी ते ‘निकलले’ घोळवून पुन्हा उच्चारले. वर्ग हसला. मलाही आपल्या विनोदाचे कौतुक वाटले. पुढच्या सत्रात त्याने मराठी सोडून हिंदी घेतल्याचे कार्यालयातून समजले. मी त्याचे कारणही विचारले नाही. १९२१ च्या त्या सभेविषयी मी तेव्हा वाचलेले होते, वर्गात सांगितलेही असेल. तरी ज्या दिवशी ती सभा माझ्याच वर्गात भरली, त्या दिवशी मला ती ओळखता आली नाही.

पुष्कळ वर्षांनी तो मला एका लग्नात भेटला. मोठ्या कंपनीत अधिकारी झाला होता. वाकून नमस्कार केला. त्याच्या मुलीशी मी मराठीत बोलू लागलो तेव्हा ती त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. तो म्हणाला, “सर, तिला शिकवली नाही. माझीच चुकते, तर तिला काय शिकवू?” त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. एका शब्दाला हसून मी एक घर मराठीबाहेर काढले होते. आणि विद्वत्तेच्या दृष्टीनेही मी चुकलोच होतो. दखनीतला ‘नक्को’ मूळचा आपला ‘नको’ आहे; ‘ऐसाइच’, ‘वोइच’ यांतला ठासून सांगणारा ‘च’ही मराठीचाच. शतकानुशतके दखनीने आपल्याकडून शब्द घेतले. एका मुलाने तिच्याकडून एक क्रियापद उसने आणले, तर मी मराठीचा पहारेकरी होऊन त्याला दारातून परत पाठवले!

आजच्या तरुणाकडे पाहताना हे सारे मला आठवते. त्याच्या अडचणी निराळ्या आहेत. दहावीनंतर आपल्या शहरातील हजारो मुले प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणाऱ्या निवासी महाविद्यालयांत दाखल होतात. हिप्परग्याची शाळाही घरापासून दूर नेणारीच होती, मग दोहोंत फरक काय? फरक वेळेचा आहे. तेथे गुरूला विद्यार्थ्याबरोबर जेवावयास वेळ होता. येथे पहाटेपासून रात्रीपर्यंत तासिका, दर आठवड्यास चाचणी आणि फलकावर गुणानुक्रम. सोबती तोच स्पर्धक. शिक्षकास विद्यार्थ्याचा क्रमांक ठाऊक असतो, त्याच्या मनातले विचारण्यास उसंत नसते. घर दूरध्वनीवर एकच विचारते : किती मिळाले? एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणात इंटरमीजिएटचा निकाल लागला. त्यात गोंधळ झाल्याच्या तक्रारी होत्या. त्यानंतरच्या दिवसांत वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीवन संपवल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. अशा घटनेला एकच कारण कधी नसते, आणि दुरून निवाडा करणे योग्य नव्हे. पण ज्या इंटरने कुरुंदकरांना थांबवले, ज्या इंटरने मला आठ दिवस अबोल्यात ठेवले, त्याच परीक्षेची ही गोष्ट. मी ती बातमी वाचली तेव्हा माझ्यापुढे ‘रूपवेध’ ठेवणारा तो सुरकुतलेला हात मला दिसला.

भाषेचेही आहे. आपली मुले रस्त्यावर तेलुगू बोलतात. २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगू सक्तीची झाली, आणि ज्या भूमीत आपण राहतो तिची भाषा मुलांना यावी हे उचितच आहे. वर्गात इंग्रजी, सोबत्यांत हिंदी. मराठी उरते ती आजीपुरती. अशा वेळी मुलाच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक मोडक्या वाक्याची आपण चूक काढू लागलो, तर तो आजीशी बोलणेही सोडील. मराठी जगवायची म्हणून आपण एक नाते मारून बसू. माझा अनुभव असा की नाते टिकले तर भाषा पुढेमागे सुधारते. नाते तुटल्यावर शुद्ध भाषा कोणाशी बोलावयाची?

म्हणून या शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयापुढे एक नम्र सूचना ठेवतो. त्यास निधी लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक टेबल आणि भोवती आठ-दहा खुर्च्या. तेथे पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींनी यावे. एखाद-दुसरा निवृत्त शिक्षक किंवा ज्येष्ठ सभासद असावा. ज्यांना यावेसे वाटेल त्या आईबापांनीही यावे, परंतु आपल्या मुलाशेजारी बसू नये. दुसऱ्याच्या मुलाशेजारी बसावे. आपल्या मुलाला जे ऐकवत नाही ते आपण दुसऱ्याच्या मुलाकडून शांतपणे ऐकतो. नियम दोनच असावेत. कोणाला गुण किती मिळाले हे विचारू नये, आणि कोणाच्या मराठीला हसू नये. मुले तेलुगू मित्रांना घेऊन आली तर त्यांनाही खुर्ची द्यावी. १९२१ चे एक देणे आपल्याकडे बाकी आहे. त्याचा थोडा हप्ता फिटेल.

आपण होकार दिल्यास पहिल्या संध्याकाळी मी येईन. माझ्या त्या विद्यार्थ्यालाही बोलावणार आहे. त्याने मुलीला घेऊन यावे अशी विनंती करीन. तो येईल की नाही हे मी सांगू शकत नाही. आला आणि बोलताना पुन्हा ‘निकलले’ म्हणाला, तर ऐकून घ्यावयाचे आणि पुढे काय झाले ते विचारावयाचे, एवढेच मी ठरवले आहे. ते विचारावयास मला तीस वर्षे उशीर झाला आहे.

या वास्तूने मला पडताना झेलले. तिच्या ऋणातून मुक्त होण्याची माझी इच्छा नाही. ते ऋण पुढच्यांकडे पोहोचते व्हावे एवढीच इच्छा आहे.